डीई लागली म्हणजे नेमकं काय होतं?

"त्याची डीई लागलीय." कार्यालयात हे वाक्य आवाज उतरवूनच बोललं जातं. ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "मग नोकरी गेली म्हणायची का?" डीई म्हणजे विभागीय चौकशी. ती लागल्याने नोकरी जात नाही, आणि आपण काही केलेलं नाही म्हणून ती आपोआप मिटतही नाही.

मी काही चौकशांमध्ये सादरकर्ता अधिकारी म्हणून शासनाची बाजू मांडली आहे, आणि दोनदा बचाव सहायक म्हणून समोरच्या खुर्चीत बसलो आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं. माणूस खरा की खोटा हे जितकं महत्त्वाचं, तितकंच किंवा थोडं जास्तच महत्त्वाचं असतं ते कागद कोणी, केव्हा आणि कसा काढला. साहेब आदेश काढताना हे विसरतात, आणि कर्मचारी पहिलं पत्र हातात पडल्यावर विसरतो.

मुळात सरकारी नोकराला सहज काढता का येत नाही? संविधानाच्या अनुच्छेद ३१० नुसार सरकारी नोकर राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. हे वाचून घाबरायला होतं, पण लगेच पुढचा अनुच्छेद ३११ त्या मर्जीला वेसण घालतो. नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही, ही पहिली अट. आरोप कळवल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फी, काढून टाकणं किंवा पदावनती करता येत नाही, ही दुसरी. या दुसऱ्या अटीला तीन अपवाद आहेत: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी घेणं व्यवहारतः शक्यच नसेल आणि तशी कारणं लेखी नोंदवली असतील, किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी घेणं इष्ट नाही असं राष्ट्रपती किंवा राज्यपालांचं मत असेल.

हे झालं संविधानाचं छप्पर. त्याखाली महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन नियमावल्या आहेत, दोन्ही १९७९ च्या. कसं वागायचं ते 'वर्तणूक' नियमांत, तसं न वागल्यास काय होईल ते 'शिस्त व अपील' नियमांत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे नियम लागू, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे. क्रमांक वेगळे असले तरी सांगाडा बराचसा सारखा आहे. मी पुढे राज्य शासनाच्या नियमांवरच बोलतो.

एक उदाहरण धरून चालू. समजा, एक कनिष्ठ लिपिक रोकड सांभाळतो. १८,४०० रुपये फी जमा झाली. नियमाप्रमाणे ती लगेच कोषागारात भरायला हवी होती, ती ११ दिवसांनी भरली गेली. तपासणीत हे सापडलं. पैसे सगळे आहेत, पण ११ दिवस कुठे होते? याला सरकारी भाषेत तात्पुरता अपहार म्हणतात.

निलंबन

लोकांना वाटतं निलंबन हीच शिक्षा. नियमांच्या भाषेत ती शिक्षा नाही. चौकशी चालू असताना माणूस त्या खुर्चीवर राहिला तर कागद बदलेल, साक्षीदारांवर दबाव आणेल, म्हणून त्याला बाजूला ठेवायचं, एवढाच त्याचा हेतू. (घरच्यांना हा फरक समजावून सांगणं मात्र अवघड जातं. शेजारीपाजारी तर विचारूच नका.) आणखी एक गोष्ट: पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त वेळ काढला तर वेगळ्या निर्णयाची गरज उरत नाही, तो कर्मचारी निलंबित झाल्याचं मानलं जातं. लाचेच्या सापळ्यात पकडलेल्यांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं.

निलंबनात पगार मिळत नाही, निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. मूळ वेतन ४०,००० असेल तर २०,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. पहिल्या तीन महिन्यांनंतर फेरविचार होतो. चौकशी कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे लांबलेली नसेल तर या रकमेत तिच्या निम्म्यापर्यंत वाढ करता येते, म्हणजे ३०,००० पर्यंत. त्यानेच चालढकल केली असेल तर तितकीच घटही होऊ शकते. 'मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही' असं प्रमाणपत्र मात्र द्यावं लागतं. ते दिलं नाही म्हणून भत्ता अडला आणि दोष कार्यालयाला दिला, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. उलटही पाहिलं आहे, प्रमाणपत्र दिलेलं आणि बिल टेबलावर पडून.

भत्ता न देणं किती महागात पडू शकतं याचं एक प्रकरण आवर्जून सांगण्यासारखं आहे. सोन्याच्या खाणीच्या एका सरकारी कंपनीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडला. सोनं सापडलं म्हणून फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी दोन्ही सुरू झालं. निलंबनकाळात त्याला निर्वाह भत्ता मिळाला नाही. चौकशीच्या ठिकाणी जायला पैसे नाहीत आणि प्रकृतीही बरी नाही, असं त्याने कळवलं. चौकशी एकतर्फी चालवून त्याला बडतर्फ केलं गेलं. पुढे फौजदारी न्यायालयात छापाच सिद्ध झाला नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी मोडीत काढली. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत त्याला 'संधी दिली होती' असं म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

निलंबन किती दिवस चालू शकतं? वर्षानुवर्षं लोकांना बसवून ठेवण्याची पद्धत होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. त्याला धरून राज्य शासनाने ९ जुलै २०१९ ला शासन निर्णय काढला: ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावा, नाहीतर निलंबन संपवा. परत घेतलेल्या माणसाला त्याच जागी बसवलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या कार्यालयात, जिथे त्या कागदांशी संबंध येणार नाही अशा पदावर देता येतं. आपला लिपिकही निलंबित झाला आणि त्याला दोषारोपपत्र ८७ व्या दिवशी मिळालं असं धरू. असंच होतं. फाईल ८० दिवस झोपते आणि शेवटच्या आठवड्यात धावते.

दोषारोपपत्र कसं वाचायचं

हे येतं ज्ञापनाच्या रूपात, सोबत चार जोडपत्रं. पहिल्यात आरोप, दुसऱ्यात त्या आरोपांमागची हकिकत, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची यादी. बहुतेक जण पहिलं जोडपत्र दहा वेळा वाचतात आणि तिसरं-चौथं बघतही नाहीत. मी उलटं करायला सांगतो. आधी तिसरं आणि चौथं काढा. शासन कशाच्या आधारावर उभं आहे ते तिथे दिसतं.

आरोप लिहिण्यातही फरक असतो. "श्री. अमुक यांनी रोकड हाताळताना गंभीर हलगर्जीपणा केला व शासनाची प्रतिमा मलिन केली" हा आरोप नाही, ही चिडचिड आहे. याचं उत्तर कोण काय देणार? "श्री. अमुक यांनी अमुक तारखेला पावती क्रमांक इतका ते इतका याद्वारे जमा झालेले १८,४०० रुपये अमुक तारखेपर्यंत कोषागारात भरले नाहीत व ११ दिवस स्वतःजवळ ठेवले, या कृतीने त्यांनी सचोटी व कर्तव्यपरायणता राखली नाही आणि वर्तणूक नियमांतील नियम ३ चा भंग केला" हा आरोप आहे. तारीख, रक्कम, कृती, नियम. मोघम आरोपावर उभी राहिलेली चौकशी न्यायाधिकरणात टिकणं कठीण.

दुसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे सही कोणाची आहे. दोषारोपपत्राला शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याची, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची, मान्यता लागते. चौकशी सुरू करायला होकार दिला होता एवढ्याने भागत नाही, दोषारोपपत्राच्या मसुद्यालाही त्याची मान्यता हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे.

उत्तर द्यायला ज्ञापनात मुदत दिलेली असते, बहुधा दहा दिवसांची. इथे माणसं दोन टोकाच्या चुका करतात. एक, काहीच उत्तर देत नाहीत, "बघू, चौकशीत सांगू". दुसरी, वीस पानं लिहितात, साहेबांचा जातीयवाद, सहकाऱ्यांचं राजकारण, आईचं आजारपण सगळं त्यात. आपल्या लिपिकाच्या उत्तरात दोनच प्रश्नांना जागा हवी: ११ दिवसांत कोषागारात कोण जाणार होतं, आणि रोकड ठेवायच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे होती? हातातले कागद पुरेसे नसतील तर मुदत मागता येते आणि कागदपत्रं पाहायला मागता येतात. ही मागणी लेखीच करायची आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली स्थळप्रत जपून ठेवायची. तोंडी विनंती केली होती, असं म्हणणाऱ्याकडे नंतर काहीही उरत नाही.

नियम ८ की नियम १०

शिक्षा दोन प्रकारच्या, किरकोळ आणि जबर. ठपका ठेवणं, पदोन्नती रोखणं, शासनाचं झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं, वेतनवाढ रोखणं या किरकोळ. वेतनश्रेणीत खालच्या टप्प्यावर आणणं, खालच्या पदावर नेणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी या जबर. शेवटच्या दोन एकच वाटतात, पण काढून टाकलेला माणूस पुन्हा सरकारी नोकरीला अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सामान्यतः ठरतो. आणि सक्तीची सेवानिवृत्ती म्हणजे पन्नाशी-पंचावन्नीला आढावा घेऊन जी मुदतपूर्व सेवानिवृत्ती देतात ती नव्हे. ती शिक्षा नसते, ही असते.

किरकोळ शिक्षेसाठी 'शिस्त व अपील' नियमांतला नियम १० पुरतो: आरोप कळवायचा, खुलासा घ्यायचा, विचार करून आदेश काढायचा. जबर शिक्षेसाठी नियम ८ ची पूर्ण चौकशी. मध्ये एक सापळा आहे. वेतनवाढ रोखणं किरकोळ असलं तरी ती 'पुढील वेतनवाढींवर परिणाम करून' रोखायची असेल, किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी, किंवा तिचा पेन्शनवर परिणाम होणार असेल, तर रीतसर चौकशी लागतेच. त्या चार शब्दांमुळे माणूस निवृत्तीपर्यंत दर महिन्याला पैसे गमावत राहतो. तरी नुसत्या खुलाशावर असे आदेश निघतात, आणि मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) रद्दही होतात.

चौकशीच्या खोलीत

टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी. एका कडेला सादरकर्ता अधिकारी, म्हणजे शासनाचा जणू वकील. दुसऱ्या कडेला अपचारी (हा भयंकर शब्द कागदोपत्री सर्रास वापरतात, त्याचा अर्थ फक्त 'ज्याच्यावर आरोप आहे तो') आणि त्याचा बचाव सहायक. बचाव सहायक साधारणपणे दुसरा सरकारी कर्मचारी असतो. वकील आणता येत नाही, अपवाद दोनच: सादरकर्ता अधिकारी स्वतः विधिव्यवसायी असेल किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने परवानगी दिली असेल.

चौकशी अधिकाऱ्याने तटस्थ राहायचं असतं. तो खात्याचा माणूस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं. प्रत्यक्षात सादरकर्ता अधिकारी गैरहजर असला की काही चौकशी अधिकारी स्वतःच साक्षीदारांना प्रश्न विचारून आरोप सिद्ध करायला लागतात. असं झालं तर भांडायचं नाही. "माझी हरकत रोजनाम्यात नोंदवावी" एवढंच म्हणायचं. रोजनामा म्हणजे त्या दिवशी काय काय झालं याची नोंद, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या. पुढे जे काही टिकतं ते या रोजनाम्यावर.

साक्षीदाराची आधी सरतपासणी, मग अपचाऱ्यातर्फे उलटतपासणी, गरज पडली तर फेरतपासणी. इथे फौजदारी खटल्यासारखं 'संशयाला जागा नको' इतका कडक पुरावा लागत नाही. घडलं असण्याचीच शक्यता जास्त आहे, इतकं दाखवलं तरी पुरतं. म्हणूनच फौजदारी खटल्यात सुटलेला माणूस विभागीय चौकशीत दोषी ठरू शकतो. पण पुरावा कमी लागतो याचा अर्थ लागतच नाही असा नव्हे. पोलिसांचे तपासाचे कागद हे स्वतःच पुरावा होत नाहीत, कोणीतरी येऊन ते शाबित करावे लागतात, असा २००९ चा निकाल आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका चौकशीत मी सादरकर्ता अधिकारी होतो. साठा नोंदवहीत खाडाखोड केल्याचा आरोप होता. मी नोंदवहीची झेरॉक्स जोडली आणि निवांत बसलो. बचाव सहायक उठले, वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी माझ्या साक्षीदाराला तीन प्रश्न विचारले. "ही नोंदवही कोणाच्या ताब्यात असते?" "भांडारपालाच्या." "मूळ वही आज इथे आहे?" "नाही." "मग खाडाखोड मूळ वहीत आहे की झेरॉक्सवर शाई सांडली, हे तुम्ही कशावरून सांगता?" साक्षीदार माझ्याकडे बघायला लागला. मी टेबलाकडे. मूळ वही दुसऱ्या तपासासाठी गेली होती आणि ती मागवायचं पत्र मी काढलंच नव्हतं. आरोप सिद्ध झाला नाही. खाडाखोड होती, मी स्वतः पाहिली होती.

शासनाचा पुरावा संपला की बचावाचा. अपचारी स्वतः साक्ष द्यायला उभा राहिला नाही तर चौकशी अधिकाऱ्याने त्याच्याविरुद्ध आलेल्या गोष्टींवर त्याला सर्वसाधारण प्रश्न विचारायचे असतात. मग दोन्हीकडचं लेखी टाचण, आणि शेवटी अहवाल. नोटीस मिळूनही कर्मचारी आलाच नाही तर चौकशी एकतर्फी चालवता येते. चिडून न जाणाऱ्यांना हे सांगून ठेवतो.

हे सगळं किती दिवसांत व्हावं? सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करा, फार तर एक वर्ष, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. आता हसू येणं स्वाभाविक आहे.

अहवालानंतर

चौकशी अधिकारी शिक्षा देत नाही. तो फक्त आरोप सिद्ध, अंशतः सिद्ध की असिद्ध ते सांगतो. शिक्षा ठरवतो शिस्तभंगविषयक प्राधिकारी, आणि त्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. हा हक्क १९९० आणि १९९३ च्या निकालांनी पक्का केला. त्याआधी, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षेच्या प्रस्तावावर दुसरी नोटीस द्यायची सक्ती काढून टाकली होती, म्हणून काही कार्यालयांचा समज झाला की अहवालही द्यायला नको. तो समज चुकीचा निघाला. चौकशी अधिकाऱ्याने सोडलं आणि साहेबांना ते पटलं नाही, तर? साहेब वेगळं मत घेऊ शकतात, पण का पटत नाही त्याची कारणं कर्मचाऱ्याला कळवून आणि त्याचं ऐकून मगच. हा निकाल १९९८ चा.

आदेश मिळाला की ४५ दिवसांत अपील. दिवस मोजायचे ते प्रत हातात पडल्यापासून, म्हणून पोच देताना तारीख स्वतःच्या हाताने घालायची. अपील संपल्यावर, किंवा सहा महिने कोणी उत्तरच दिलं नाही तर त्यानंतर, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. तिथे जायला साधारण एक वर्षाची मुदत. मॅट पुरावा नव्याने तोलत बसत नाही. पद्धत पाळली का, पुरावा मुळात होता का, शिक्षा ऐकून धक्का बसावा इतकी अवाजवी आहे का, एवढंच बघतं. पद्धत चुकल्याने आदेश रद्द झाला तर पुष्कळदा चुकलेल्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा सुरू करायची मुभा शासनाला मिळते. पेढे वाटण्याआधी आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचावा.

निवृत्तीचंही सांगायला हवं, कारण निवृत्तीच्या आदल्या दिवशी दोषारोपपत्र घेऊन येणारा शिपाई बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. चालू असलेली चौकशी निवृत्तीने थांबत नाही. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ तिला पुढे चालवतो, आणि दोष सिद्ध झाल्यास पेन्शन कमी करण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार शासनाला देतो. तोपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते, उपदान (ग्रॅच्युइटी) अडकतं. निवृत्तीनंतर नवी चौकशी काढायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

आपल्या लिपिकाचं काय झालं? किल्ली वरिष्ठ लिपिकाकडे असायची आणि त्या ११ दिवसांतले ६ दिवस तो वरिष्ठ लिपिक रजेवर होता, हे हजेरीपटावरून दिसलं. उरलेल्या ५ दिवसांचं उत्तर लिपिकाकडे नव्हतं. आरोप अंशतः सिद्ध. एक वेतनवाढ दोन वर्षं रोखली, पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता. त्याने अपील केलं नाही, सुटकेचा निःश्वास टाकला आणि कामाला लागला. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, आणि त्या काळाचा किती पगार द्यायचा, याचा स्वतंत्र निर्णय घेऊन तो सेवापुस्तकात नोंदवावा लागतो. तो आदेश ना कार्यालयाने काढला, ना त्याने मागितला. पंधरा वर्षांनी त्याचं पेन्शन प्रकरण महालेखापाल कार्यालयातून परत येईल, एका ओळीच्या आक्षेपासह: निलंबन कालावधी नियमित केल्याचे आदेश जोडलेले नाहीत.